पणजी, म्हापसा, मडगाव: गाड्यावर आणि खानावळीत कसे खावे (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

पुणे, कोल्हापूर, बेळगाव, सिंधुदुर्गातून गोव्याला येणारे बरेच लोक किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये महागडी मासळी खाऊन परत जातात. गोमंतकीय माणूस रोज जे खातो ते मात्र शहरांतल्या कॅफेत, खानावळीत आणि संध्याकाळच्या गाड्यावर असते. ते शोधणाऱ्यांच्या नेहमीच्या प्रश्नांची उत्तरे इथे एकत्र केली आहेत.

कोणत्या वेळी काय मिळते?

गोव्यात पत्त्यापेक्षा वेळ महत्त्वाची. हॉटेल उत्तम असले तरी चुकीच्या वेळी गेलात तर तिथले उरलेसुरलेच पदरात पडते. दिवस साधारण असा चालतो.

सकाळी सहा-साडेसहापासून पोदेर सायकलवरून पाव घेऊन फिरतो. सात ते साडेदहा ही कॅफेतल्या भाजी-पावाची वेळ. अकरानंतर ताजी भाजी संपत येते आणि तळाची भाजी घट्ट आणि खारट होते. साडेबारा ते अडीच फिश थाळी. तीननंतर बहुतेक खानावळींचे स्वयंपाकघर बंद होते. एक ते चार या वेळेत बाजारपेठही झोपलेली असते. साडेतीन-चारला पोदेर दुसऱ्या फेरीला निघतो, कॅफेत पुन्हा भाजी, मिरची (मिरचीची भजी), सामोसे येतात आणि साडेसहाच्या आसपास तेही आटोपते. मग गाडे लागतात आणि रात्री दहा-अकरापर्यंत चालतात.

सर्वांत जास्त फसगत दुपारी साडेतीनला होते. किनाऱ्यावरून भुकेने शहरात यावे तर थाळी संपलेली आणि गाडे लागायला अजून तीन तास. अशा वेळी कॅफेत भाजी-पाव खाऊन घ्यावा. थाळीचा हट्ट धरला तर गार भात आणि पुन्हा तापवलेले हुमण (नारळाच्या वाटणातली मासळीची आमटी) मिळते.

पोदेराकडून कोणता पाव घ्यावा?

पाव म्हणजे मऊ, चौकोनी, एकमेकांना चिकटलेला. पातळ भाजीला हाच बरा. उंडो गोल, वरून कडक, आतून मऊ असतो. तो कटलेटला किंवा चोरिसाला (डुकराच्या मांसाच्या सॉसेजला) घ्यावा, कारण रस लागला तरी फुटत नाही. पोळी (काही जण पोई म्हणतात) कोंड्याची असते, चपटी आणि आतून पोकळ, त्यामुळे तिच्यात भाजी किंवा ऑम्लेट भरता येते. कात्रो पाव कात्री मारून आकार दिलेला असतो. काकण बांगडीच्या आकाराचे आणि कोरडे असते. ते चहात बुडवूनच खायचे. नुसते चावायला गेल्यास दात दुखतील.

पूर्वी पीठ आंबवायला माडाची सूर (माडी) वापरत. आता बहुतेक भट्ट्यांत यीस्टच असते. लाकडावरच्या भट्टीतला पाव खालून थोडा राखाडी दिसतो आणि त्याच्या पृष्ठभागाला पीठ लागलेले असते. ती घाण नाही.

गरम पाव प्लास्टिकच्या पिशवीत बांधला की अर्ध्या तासात त्याचे कवच वातड होते. कापडी पिशवी न्यावी. पोळी त्याच दिवशी संपवावी. दुसऱ्या दिवशी उरलीच तर कोरड्या तव्यावर मंद आचेवर दोन्ही बाजूंनी मिनिटभर फिरवावी. पाणी शिंपडू नये, चिवट होते.

गोव्यातला भाजी-पाव आणि मुंबईची पावभाजी एकच का?

अजिबात नाही. लोणी घालून ठेचलेली तव्यावरची भाजी हवी असेल तर ती मिरामारच्या गाड्यांवर मिळते, पण ती गोव्याची नव्हे. इथे भाज्या वेगवेगळ्या असतात आणि कोणती हवी ते सांगावे लागते.

पातळ भाजी ही वाटाण्याची, ओल्या खोबऱ्याच्या वाटणातली, फारशी तिखट नसलेली. सुकी भाजी बटाट्याची, मोहरी-कढीपत्त्याची फोडणी दिलेली. शिवाय चण्याची, टोमॅटोची आणि अळसांद्यांची (आपल्याकडच्या चवळीची लालसर, मोठी बहीण) भाजी असते. सर्वांत चांगली मागणी म्हणजे मिक्स: एकाच बशीत खाली सुकी, वर पातळ. बटाटा रस पितो, पाव बुडवायला पुरेसा ओलावा राहतो आणि खारटपणाही सावरतो. सोबत दोन पाव, एक मिरची आणि चहा. बन्स दिसले तर एक जरूर घ्यावा. पिकलेले केळे मैद्यात मळून केलेला हा गोडसर, तळलेला प्रकार पातळ भाजीबरोबर फार छान लागतो. गरम असेल तरच घ्यावा, गार बन तेलकट लागतो.

पणजीत यासाठी कुठे जावे?

कॅफे ताटो आणि कॅफे भोसले ही जुनी, माहितीतली नावे. दोन्ही शहराच्या मध्यावर आहेत आणि चालत जाता येते. तिथे टेबल एकट्याचे नसते. रिकामी खुर्ची दिसली की विचारून बसायचे आणि खाऊन झाले की उठायचे. सकाळी आठ ते साडेनऊ सरकारी कर्मचाऱ्यांची गर्दी असते. सातला किंवा दहाच्या सुमारास गेल्यास निवांत बसता येते. रविवारी असे बरेच कॅफे बंद असतात किंवा दुपारीच बंद होतात, म्हणून हा बेत शनिवारपर्यंत उरकावा.

नाव माहीत नसलेल्या गावात कॅफे कसा निवडावा? पाव किती वेळा येतो ते पाहावे. टोपली भरलेली आणि पाव हाताला कोमट लागत असेल तर तिथे खप आहे, म्हणजे भाजीही ताजी आहे.

फिश थाळीत काय काय असायला हवे?

उकड्या तांदळाचा भात, नारळाच्या रसातले हुमण, तळलेल्या मासळीचा एक तुकडा किंवा अख्खा लहान मासा, तिसऱ्यांचे सुके किंवा सुंगटांची (कोळंबीची) एखादी पातळ आमटी, किसमूर, एक भाजी, लोणचे आणि सोलकढी. यातले दोन-तीन प्रकार दिवसानुसार बदलतात.

थाळी चांगली की नाही हे तळलेल्या मासळीवरून कळत नाही. रवा लावून कुरकुरीत तळलेले काहीही चांगलेच लागते. खरी परीक्षा हुमणाची. वाटण इतके बारीक हवे की बोटांत चोथा लागू नये. आंबटपणा कोकमाचा, कैरीचा किंवा चिंचेचा, पण तोंड वाकडे करणारा नको. बांगड्याच्या किंवा तारल्यांच्या हुमणात तिरफळ (मसाल्याचे एक सुगंधी फळ) असायलाच हवे. या तेलकट मासळीचा उग्र वास तेच आवरते. तिरफळ चावू नये, जिभेला काही मिनिटे बधिरपणा येतो. ते बाजूला काढून ठेवायचे असते.

मग तिसऱ्या. खडे लागले तर समजावे की त्या पुरेसा वेळ पाण्यात ठेवून वाळू सोडू दिलेल्या नाहीत. ज्या खानावळीत तिसऱ्यांची वाळू नीट काढतात तिथे बाकीचेही नीट करतात, असा आमचा ठाम अनुभव आहे. किसमूर म्हणजे सुक्या सुंगटांचे किंवा सुक्या मासळीचे, खोबरे-कांद्यात कालवलेले तोंडीलावणे. ते कुरकुरीत असावे. सकाळी कालवून ठेवलेले किसमूर दोनपर्यंत नरम पडते, म्हणून साडेबाराला जाणाऱ्याला अधिक चांगली थाळी मिळते.

भात, हुमण आणि सोलकढी बहुतेक ठिकाणी पुन्हा वाढतात. तळलेला मासा आणि तिसऱ्या नाही. पांढरा भात हवा असेल तर आधीच सांगावे, पण या हुमणाला उकडाच शोभतो. त्याचे जाडसर शीत रस धरून ठेवते.

पणजीत रिट्झ क्लासिक आणि कोकणी कँटीन ही थाळीसाठी प्रसिद्ध ठिकाणे. रिट्झमध्ये एकनंतर रांग लागते.

मेन्यूत मासळीपुढे किमतीऐवजी ‘एपीएस’ लिहिलेले असते. ते काय?

‘ॲज पर साइझ’, म्हणजे आकारानुसार दर. बिलावरून होणारे बहुतेक वाद इथूनच निघतात. मासळी तळायला जाण्यापूर्वी तिला ताटात घालून आणायला सांगावे, वजन आणि त्याची किंमत विचारावी, मगच हो म्हणावे. कोणी वाईट वाटून घेत नाही. आमच्या मते थाळीबरोबर वेगळा पापलेट किंवा इसवण (सुरमई) मागवायची गरजच नसते. त्या पैशांत मुडदुशे, लेपो किंवा वेल्ल्यो अशी लहान मासळी तळून घ्यावी. तिची चव जास्त आणि दरही परवडणारा. चणक आणि तामसो हे मोठे मासे तिघे-चौघे असाल तरच.

पावसाळ्यात ताजी मासळी मिळते का?

यांत्रिक बोटींना 1 जून ते 31 जुलै मासेमारीबंदी असते. या काळात खानावळीत दिसणारी मोठी इसवण बहुधा बर्फातली किंवा बाहेरून आलेली असते. तेव्हा नदीची आणि खाजण (बांध घातलेल्या खाऱ्या) जमिनीतल्या मानशींची (पाण्याच्या दारांवरची) मासळी मागावी: शेवटे, पालू, सुंगटां, कुर्ल्यो. सुक्या मासळीचाही हाच मोसम. सुक्या बांगड्याचा तुकडा निखाऱ्यावर भाजून, पेजेबरोबर किंवा भात-हुमणाबरोबर खाणे हे पावसातले खास गोमंतकीय जेवण आहे.

बाजारातून मासळी विकत घेणार असाल तर कल्ले उघडून लाल आहेत का पाहावे, डोळे फुगीर आणि स्वच्छ हवेत, बोटाने दाबलेले मांस परत वर यायला हवे. तिसऱ्या आणि शिनाण्यांच्या शिंपा बंद असाव्यात. उघडी असेल तर तिच्यावर टिचकी मारावी. मिटली नाही तर टाकून द्यावी. शिजवल्यावर जी उघडत नाही तीही टाकावी.

सोमवारी मासळी मिळत नाही असे म्हणतात. खरे आहे का?

मिळते, पण कमी. अनेक हिंदू घरांत सोमवारी, काहींत गुरुवारीही मासळी वर्ज्य असते, त्यामुळे हिंदू खानावळींत त्या दिवशी खप कमी आणि आदल्या दिवशीचा माल जास्त. श्रावणात आणखी कमी. चवथीच्या दिवसांत तर पणजीतल्या बऱ्याच खानावळी दोन-तीन दिवस बंदच राहतात, कारण आचारी आणि वाढपी सगळे आपापल्या गावी गेलेले असतात. ख्रिस्ती मालकांच्या ठिकाणी रविवार आणि नाताळची सुट्टी पाहावी. बुधवार, शुक्रवार, शनिवार हे थाळीसाठी सर्वांत भरवशाचे दिवस.

आम्ही शाकाहारी आहोत. काय खावे, काय जपावे?

‘शिवराक’ हा शब्द वापरा, लगेच समजतात. सकाळचा भाजी-पाव पूर्ण शाकाहारी मिळतो. दुपारी शाकाहारी थाळीत खतखते, मुगा-गाठी (मोड आलेल्या मुगांची रसभाजी), अळसांद्यांचे तोणाक (वाटणातली उसळ), उन्हाळ्यात आंब्याचे सासव (मोहरी-खोबऱ्यातले कालवण) मिळाले तर दिवस सार्थकी लागतो. खतखत्यात कंद, भाज्या, तूरडाळ, खोबरे, गूळ आणि तिरफळ असते. ते सणावारी जास्त होते. फोंडा तालुक्यातल्या मंगेशी, शांतादुर्गा या देवस्थानांच्या परिसरात शाकाहारी जेवणाची सोय सहज होते.

जपायच्या गोष्टी तीन. मासळीच्या खानावळीत नीरफणसाची किंवा सुरणाची रवा लावलेली कापां मागवलीत तर ती मासळीच्याच तेलात तळलेली असू शकतात. तेल वेगळे आहे का, हे आधी विचारा. दुसरे, किसमूर आणि काही लोणची सुंगटांची असतात, रंगावरून ओळखू येत नाहीत. तिसरे, रात्रीच्या गाड्यावर डाव आणि तवा एकच असतो. कडक पाळणाऱ्यांनी रात्री उडपी हॉटेल गाठावे.

रॉस ऑम्लेट म्हणजे नक्की काय?

गोव्याच्या संध्याकाळचा हा खरा पदार्थ. अंड्याचे पातळ ऑम्लेट, त्यावर कोंबडीच्या शागुतीचा (भाजलेल्या खोबरे-मसाल्याच्या रश्शाचा) गरम रस, वर बारीक चिरलेला कच्चा कांदा, कोथिंबीर, लिंबाची फोड आणि बाजूला पाव किंवा पोळी. ‘सिंगल’ म्हणजे एका अंड्याचे, ‘डबल’ दोन अंड्यांचे. मांसाहार न करणाऱ्या पण अंडे चालणाऱ्यांसाठी काही गाड्यांवर चण्याचा रस असतो. विचारल्याशिवाय कोणी सांगणार नाही.

गाडा लागल्यापासून तासाभराने जावे. अगदी सुरुवातीला रस पुरता मुरलेला नसतो. दहानंतर तो आचेवर आटून खारट होतो, आणि मग त्यात पाणी ओतले की मसाला एकीकडे आणि पाणी एकीकडे. वर तेलाचा लाल तवंग असणे चांगले लक्षण. रस बशीत सरकावा, पण पावाला लागून राहावा.

लिंबू आधी ऑम्लेटवर पिळू नये. पहिले दोन घास तसेच खावेत, मग अर्धी फोड पिळावी. खोबऱ्याचा गोडवा आधी कळतो आणि नंतर आंबटपणाने तो उठून दिसतो. रस संपला तर थोडा वाढवून मागता येतो, बहुतेक गाडेवाले देतात.

हे घरी करता येईल का?

येईल. चार जणांसाठी रसाचे प्रमाण असे: अर्ध्या नारळाचे खोवलेले खोबरे, एक मध्यम कांदा उभा चिरून, काश्मिरी किंवा बेडगी मिरच्या 6 ते 7, धणे दीड मोठा चमचा, बडीशेप एक छोटा चमचा, जिरे अर्धा छोटा चमचा, मिरे 6, लवंगा 4, दालचिनी इंचभर, चक्रफूल 1, खसखस एक मोठा चमचा, हळद पाव चमचा, जायफळ चिमूटभर. कोंबडीचे हाडांसकट तुकडे 300 ग्रॅम.

कोंबडीचे तुकडे मीठ आणि आले-लसणाच्या वाटणासह एक लिटर पाण्यात 25 ते 30 मिनिटे उकळून पाणी गाळून घ्यावे. मसाले चमचाभर तेलात मंद आचेवर वेगवेगळे भाजावेत, खसखस सर्वांत शेवटी, कारण ती क्षणात करपते. खोबरे-कांदा गडद बदामी होईपर्यंत भाजायचा. फिका राहिला तर रस खिरीसारखा गोडसर होतो, काळा पडला तर कडू. या कडूपणाला नंतर काहीही इलाज नाही, वाटण टाकून पुन्हा भाजावे लागते.

कोमट पाणी घालून अगदी गंधासारखे वाटावे. दोन मोठे चमचे तेलात वाटण पाच-सहा मिनिटे, कडेने तेल सुटेपर्यंत परतावे. मग हाडांचे पाणी, हाडांवरून सोडवलेले मांस आणि सुपारीएवढी चिंच घालून मंद आचेवर 15 मिनिटे. जायफळ उतरवताना.

ऑम्लेट पातळच हवे: दोन अंडी वीतभर तव्यावर. कांदा एक चमचा, एक हिरवी मिरची, कोथिंबीर, आणि मीठ नेहमीपेक्षा कमी, कारण रसात आहेच. दोन्ही बाजूंनी पुरते शिजवावे. आतून ओले राहिले तर पाणी सुटते आणि रस फाटल्यासारखा दिसतो. रस पानात वाढतानाच ओतावा. आधी ओतून ठेवला तर ऑम्लेट फुगून लगदा होतो.

कटलेट-पाव आणि चोरिस-पाव कसले असतात?

कटलेट-पावात मांसाचा पातळ तुकडा मसाला आणि रवा लावून तळतात आणि कोबी, कांदा घालून पावात भरतात. तो कोंबडीचा किंवा बीफचा असतो. अनेक गाड्यांवर बीफचाच असतो आणि क्रोकेट (खिम्याचा लांबट तळलेला रोल) तर बहुधा बीफचे. ज्यांना चालत नाही त्यांनी नुसते ‘कटलेट’ न मागता कसले ते विचारून घ्यावे.

चोरिस म्हणजे डुकराच्या मांसाचे, व्हिनेगर, मिरची, लसूण आणि मसाल्यात मुरवून वाळवलेले सॉसेज. कांदा, कधी बटाट्याबरोबर शिजवून उंड्यात भरून देतात. ते खारट, आंबट, तिखट आणि तेलकट असते. एक पुरे. दुसरा घ्यायचा मोह होतो, पण रात्रभर तहान लागते.

पोट बिघडू नये म्हणून काय करावे?

बिघडते ते गरम रसाने नव्हे, कच्च्या कांद्याने, चटणीने आणि पाण्याने. कांदा चिरून तासन्‌तास उघडा ठेवलेला दिसला तर तो नको म्हणावे. गाड्यावर पाण्याची बाटली आपली न्यावी. तळणीचे तेल काळे आणि फेसाळ असेल तर कटलेट सोडून रॉस ऑम्लेट घ्यावे. पावसाळ्यात शिंपांची मासळी अनोळखी ठिकाणी टाळावी. आणि एक साधी गोष्ट: नारळ, तिखट आणि व्हिनेगर या तिन्हींची सवय नसताना पहिल्याच दिवशी शागुती, चोरिस आणि उर्राक (काजूची दारू) एकत्र करू नये.

लहान मुलांना काय द्यावे?

पातळ भाजी-पाव, बन्स, पोळीत भरलेले साधे ऑम्लेट, तळलेले मुडदुशे (काटा काढून). सोलकढीत हिरवी मिरची आणि लसूण असू शकतो, आधी चाखून पाहा.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात खाण्यासारखे काय असते?

म्हापसा पणजीपासून सुमारे 13 किलोमीटर, कदंब स्थानकावरून बस सतत असतात. बाजार रोजचा आहे, पण शुक्रवारी आजूबाजूच्या गावांतून बायका स्वतःचा माल घेऊन बसतात. सकाळी आठ ते अकरा ही वेळ. दुपारी उन्हात चालवत नाही आणि चांगला माल संपलेला असतो.

चोरिसांच्या माळा इथे टांगलेल्या दिसतात. मोयऱ्याची मोठी केळी, खोल्याच्या आणि हरमलच्या मिरच्या, सोलां (आमसुले), माडाचे व्हिनेगर, एप्रिल-मेमध्ये मानकुराद आंबे. मानकुराद घेताना वासावर जावे. रंग पिवळा असूनही देठाजवळ वास नसेल तर तो जबरदस्तीने पिकवलेला असू शकतो. खाजें (बेसनाच्या कांड्यांवर गूळ, आले, तीळ) जत्रा-फेस्तांत ताजे मिळते, पण इथेही असते. दमट हवेत ते चिकट होते, म्हणून पावसाळ्यात पाव किलोपेक्षा जास्त घेऊ नये.

मे महिन्यात आलात तर पावसाळ्याच्या बेगमीची पुरुमेंताची फेस्तां भरतात. सुकी मासळी, मिरच्या, कोकम, चिंच यांची वर्षाची खरेदी तिथे होते. मडगावचे फेस्त त्यातले मोठे.

गोड पदार्थांत अंडे असते का?

बेबिंकात असते, तेही भरपूर: अंड्यांचे बलक, नारळाचा रस, साखर, तूप, मैदा. एकेक थर वरून विस्तव ठेवून भाजायचा, सात किंवा त्याहून जास्त थर. थर सुटे दिसत असतील आणि तूप तळाशी गोठले नसेल तर चांगली. थंडगार न खाता किंचित कोमट करून खावी. गोव्याच्या बेबिंकाला 2023 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. बाटिकातही अंडे असते. दोदोल (तांदळाचे पीठ, गूळ, नारळाचा रस), दोस (चणाडाळ) आणि पेराद (पेरूची वडी) हे परंपरेने बिनअंड्याचे. फोन्तान्याश भागातल्या 31 जानेवारी रस्त्यावर जुनी बेकरी आहे, सकाळी किंवा चारनंतर जावे.

उर्राक आणि फेणीबद्दल काय माहीत असावे?

काजूच्या बोंडांचा रस आंबवून पहिल्यांदा गाळला की उर्राक, आणखी गाळून तीव्र केली की फेणी. उर्राक मार्च ते मे एवढेच मिळते, ते टिकत नाही. लिंबू-सोडा, मीठ आणि चिरलेली हिरवी मिरची घालून पितात. गोड लागते, म्हणून अंदाज चुकतो. दोन पेल्यांनंतर थांबावे आणि गाडी चालवू नये. न आंबवलेला ताजा रस, नीरो, सकाळी लवकर मिळाला तर जरूर प्यावा. दुपारपर्यंत तो आंबायला लागतो. गोव्यात मद्यपानाचे किमान वय 21 आहे आणि किनाऱ्यावर उघड्यावर दारू पिणे दंडनीय आहे.

पणजीत एकच दिवस आहे. कसा लावावा?

सकाळी साडेसातला चर्च चौकाजवळच्या कॅफेत मिक्स भाजी, मिरची, चहा. मग पणजी मार्केटात मासळीचा विभाग. नऊ-साडेनऊपर्यंत जा, कोणती मासळी चांगली आली आहे ते तिथेच कळते आणि दुपारी तीच मागता येते. साडेबाराला थाळी. दुपार फोन्तान्याशच्या सावलीत. चारला पोदेराची सायकल ऐकू आली की गरम पोळी, नुसतीच. साडेसातला रॉस ऑम्लेट. सगळे चालत जाण्याच्या टप्प्यात आहे. गाडी घेऊन फिरलात तर अठरा जून रस्त्यावर पार्किंग शोधण्यातच भूक मरेल.

पैसे, भाषा?

यूपीआय जवळपास सगळीकडे चालते. पोदेराला आणि बाजारातल्या वयस्कर विक्रेत्यांना सुटे पैसे द्यावेत. मराठी बहुतेकांना समजते, निःसंकोच बोला. मासळीची नावे तेवढी इथली वापरा, म्हणजे हवी तीच मासळी मिळेल.

घरी काय आणि कसे न्यावे?

सोलां, तिरफळ, सुकी सुंगटां, व्हिनेगर आणि पेराद हे सर्वांत सोपे. सुकी मासळी दोन पिशव्यांत घट्ट बांधून वर वर्तमानपत्र गुंडाळावे, नाहीतर एसटीत शेजारचे उठून जातील. चोरिस प्लास्टिकमध्ये न कोंडता कागदात गुंडाळून न्यावेत आणि घरी फ्रिजमध्ये ठेवावेत. घाम सुटला की बुरशी येते. कच्चे कधीच खाऊ नयेत. काजू अठरा जून रस्त्यावर मिळतात. सालासकट भाजलेले घ्यावेत, चव जास्त काळ टिकते. फेणी न्यायची असेल तर दुकानातून बिल घ्यावे आणि परवान्याचे नियम आधी विचारून घ्यावेत, बांद्याजवळ इन्सुलीच्या नाक्यावर तपासणी होते.